कड्याच्या माथ्यावरून जाऊन पुळणीने परत: आईला घेऊन जमेल का?

पायवाट

येत्या रविवारी आईला आणि भाच्याला घेऊन समुद्रकाठी एक गोल फेरी करायची आहे. एकूण ७ किमी. गाडी पुळणीच्या एका टोकाला लागते. तिथून हलक्या चढाने कड्याच्या माथ्यावर, माथ्यावरून गवतातली वाट ४ किमी, मग १८० पायऱ्या उतरून खाली आणि पुळणीने ३ किमी चालत गाडीपाशी. कडा साधारण ३० मीटर उंच. नकाशात या वाटेला 'सोपी' म्हटलंय.

आई ६८ वर्षांची. रोज तासभर चालते, दम लागत नाही, पण जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. चढताना काही होत नाही. भाचा नऊ वर्षांचा. पुळणीच्या मध्यावर कड्याचं एक नाक पाण्याकडे पुढे आलंय, त्याला वळसा घालावा लागतो. त्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी १०:५० ला. म्हणून ९ ला निघायचं, ११ पर्यंत खाली उतरायचं, तेव्हा पाणी सगळ्यात मागे असेल, असा हिशेब केलाय. बरोबर आहे ना? आईने समुद्र पाहिल्याला बरीच वर्षं झाली. तिला हा दिवस नीट मिळावा एवढंच मनात आहे.

पुळणपायी

फेरी उलटी करा. आधी पुळण, मग त्याच १८० पायऱ्या चढून माथा, आणि माथ्यावरून हलक्या उताराने गाडीपाशी. आईंचा गुडघा उतरताना दुखतो, चढताना नाही, एवढ्या एका कारणासाठीही मी हेच सांगितलं असतं. पण पाण्याचं कारण त्याहून मोठं आहे.

ओहोटीची वेळ तुम्ही पाहिलीत हे फार चांगलं केलंत. बरेच जण तेवढंही पाहत नाहीत. पण पाणी कुठल्या बाजूला चाललंय हेही पाहायला हवं. तुमच्या बेतात पुळणीवर पाऊल पडेल ते ओहोटी संपून पाणी फिरल्यावर. ठरल्या वेळेला पोचलात तर नाकाशी काही अडचण नाही, पाणी जेमतेम वीतभर चढलेलं असेल. पण तोवर तुमचे ४ किमी आणि १८० पायऱ्या झालेल्या असणार. आई मध्येच बसल्या, पोराच्या बुटात खडा गेला, असं करत दीड तास कधी जातो कळत नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. भरती-ओहोटीतल्या उंचीच्या फरकाचे बारा भाग धरा. ओहोटीनंतर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, शेवटी एक. फरक २.८ मीटर असेल तर पहिल्या तासात २३ सेंटीमीटर आणि तिसऱ्या तासात ७०. दर ३० मीटरला १ मीटर उतार असलेल्या पुळणीवर ७० सेंटीमीटर म्हणजे एका तासात २१ मीटर रुंदीची वाळू पाण्याखाली. दीड तास उशीर होऊन तुम्ही सव्वा वाजता नाकाशी पोचलात, तर ओहोटीपेक्षा पाणी जवळजवळ एक मीटर वर असेल, आणि चढत असेल.

उलट्या बाजूने पावणेनऊला पुळणीवर उतरलात तर साडेनऊला नाक येईल. पाणी त्या वेळी पूर्ण ओहोटीपेक्षा थोडं वर असेल हे खरं, पण ते मागे सरत असेल. तासभर उशीर झाला तर वाट आणखी मोकळी मिळेल. आई आणि पोर बरोबर असताना उशीर होणारच, मग तो तुमच्या बाजूने पडेल अशीच फेरी आखावी.

मी हे शिकले त्याला १४ वर्षं झाली. धाकटी बहीण बरोबर होती. अशाच एका नाकाला वळसा घालून पलीकडच्या खाचेत गेलो. खडकातल्या डबक्यांत खेकडे, चांदणमासे, लालसर शेवाळ. तासभर तिथेच वाकून पाहत बसलो. परत वळलो तर नाकाशी गुडघाभर पाणी होतं, आणि मी 'थोडं थांबू' म्हटलं. चढत्या पाण्यापाशी थांबायचं नसतं. बघता बघता ते कमरेला आलं. मागे सरळ कडा. एका उंच खडकावर बसून पाणी पुन्हा तेवढंच उतरायला सात तास लागले. बहिणीचे ओठ निळे पडले होते. नंतर तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण ते सात तास मी अजून विसरलेले नाही.

माथ्याबद्दल: वरून गवत दिसतं तिथे खाली माती असेलच असं नाही. लाटा कडा पायथ्याला खातात, वरचा थर पुढे लोंबत राहतो, आणि वर उभं राहून ते दिसत नाही. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाय ठेवू नका. एरवीही पाच मीटर आत राहा, पोराला जमिनीकडच्या हाताला धरा. वारा समुद्राकडून असेल तर आत ढकलतो. जमिनीकडून समुद्राकडे असेल तर जास्त सांभाळा.

आणि खाली कड्याच्या सावलीत डबा उघडू नका. सावली छान असते, मोह होतो, पण दगड सुटतात ते तिथेच, विशेषतः पाऊस होऊन गेल्यावर. मी कड्याच्या उंचीएवढं अंतर ठेवून बसते.

चांदणवेळ

तिथी माहीत असली की भरती-ओहोटीचं कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. आमच्या घरी लहानपणापासून असंच मोजतात.

पुळणपायी

@चांदणवेळ, हिशेब सुंदर आहे, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते हे त्यात अचूक पकडलंय. पण चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती यायला किती वेळ लागतो ते जागोजाग वेगळं असतं. खाडीचा आकार, तळाची खोली, सगळ्याचा परिणाम होतो. ज्या किनाऱ्यावर तो हिशेब बसवला, तिथेच तो चालतो. दुसरीकडे दोन-तीन तासांनीही चुकेल. पाणी किती चढेल तेही त्यातून कळत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात फरक १६ मीटरपर्यंत जातो, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान, एवढं मात्र तिथीवरून बहुतेक ठिकाणी खुशाल ओळखावं. @पायवाट, वेळ जवळच्याच बंदराच्या कोष्टकातून घ्या.

संथगती

माझे दोन्ही गुडघे झिजलेले, तरी अशा वाटा चालतो, म्हणून आईंसाठी लिहितो. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते. नुकतं पाणी सरलेली ओली वाळू घट्ट असते, पाऊल जेमतेम उमटतं, तिथूनच चाला. उतरत्या पाण्याबरोबर गेलात की हा पट्टा आपोआप रुंद मिळतो.

दुसरं, पुळण समुद्राकडे कललेली असते. ३ किमी एकाच दिशेने गेलं की एक पाय सतत खाली पडतो, आणि मला तर दुसऱ्या दिवशी कंबर सांगते. वरच्या बाजूचा उतार जास्त असतो, ओहोटीत उघडी पडणारी खालची वाळू बरीच सपाट. तिथे आईंना बरं वाटेल. काठी असली तर घ्या, पण टोकाला रबर हवं, नाहीतर ओल्या खडकावर सरकते.

मध्ये ओढा आला तर तो अरुंद दिसतो तिथे ओलांडू नका, तिथेच खोल असतो. खाली पाण्याकडे जाऊन पसरतो तिथे घोट्याएवढा मिळेल.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उलटी फेरी पक्की केली, पावणेनऊला पुळणीवर. पायऱ्यांचं खालचं टोक धड आहे का ते उद्या मी एकटी जाऊन बघून येते, तिथवर जाऊन ते तुटलेलं निघालं तर आईला तेच ३ किमी परत चालावे लागतील. एकच विचारायचंय. साडेनऊला नाकाशी लाटा लागत असल्या तर काय करायचं?

पुळणपायी

बसा. अलीकडे, कड्यापासून लांब, मोकळ्या वाळूवर. पाणी उतरतंय, वाट तुमच्याकडे येतेय. घोटाभर पाण्यातूनही पोराला नेऊ नका, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. वारा समुद्राकडून जोराचा असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी कोष्टकातल्यापेक्षा वर राहतं. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला तर साधारण १ सेंटीमीटर, त्यामुळे कोष्टक चुकलं असं समजून घाबरू नका.

लाटा दहा मिनिटं तरी पाहा. मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात, मध्ये पाणी शांत दिसतं आणि फसवतं. मोठा गट येऊनही नाकाशी वाळू उघडीच राहिली की निघा. पावणेअकरापर्यंतही मोकळं झालं नाही तर आल्या वाटेने परत फिरा. आईंचा समुद्र तेवढ्यातही पाहून झालेला असेल. पायऱ्यांचं काय दिसलं ते उद्या इथे कळवा.