शेततळ्यातल्या सगळ्यांत मोठ्या कोळंब्या पैदाशीसाठी राखल्या, तर पुढचं बीज लवकर वाढेल का?

निफाड_शेततळे

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात कागद टाकलेलं २० गुंठ्यांचं शेततळं आहे. पाणी पाटाचं, कमी पडलं तर विहिरीचं. जूनअखेर जंबो कोळंबीचं, म्हणजे स्कॅम्पीचं, नर्सरीत वाढवलेलं बीज चौरस मीटरला ३ या हिशोबाने सोडलं, एकूण ६,०००. आता ऑक्टोबर संपत आलाय आणि फेकजाळ्यात वजनाचा काही मेळच लागत नाही. मोजके नर ९०–१०० ग्रॅमचे, निळ्याशार लांब नांग्यांचे. माद्या बहुतेक ३० ते ४० ग्रॅम. आणि नरांचा मोठा गट १०–१५ ग्रॅमवरच अडकलेला. बीज एकाच खेपेचं, खाद्य एकच, पाणी एकच.

त्यामुळे वाटतं की हा फरक रक्तातलाच असणार. या मोठ्या नरांपैकी ५ आणि अंडी धरलेल्या २० माद्या राखायच्या, किनाऱ्याकडच्या एका हॅचरीतून त्यांचं बीज करून घ्यायचं आणि दरवर्षी हेच करत राहायचं. शेळ्या-कोंबड्यांत आपण असंच करतो. कोळंबीत हे चालेल का? चालत नसेल तर नेमकं कुठे अडतं, ते सविस्तर सांगा.

---

गोडंपाणी

दादा, अडतं ते पहिल्याच पायरीवर. तुम्ही सांगितलेला फरक बराचसा रक्ताचा नाही, तळ्यातल्या दादागिरीचा आहे.

स्कॅम्पीत नरांचे तीन प्रकार असतात. एक बारके नर: नांग्या लहान, जवळपास पारदर्शक. दुसरे केशरी नांग्यांचे: यांची वाढ सगळ्यांत जोरात चालू असते. तिसरे निळ्या नांग्यांचे: नांगी शरीरापेक्षा लांब, काटेरी, गडद निळी. हे वाढ संपलेले मालक. निळा नर क्वचितच कात टाकतो, म्हणून जुन्या निळ्या नराच्या पाठीवर शेवाळ धरलेलं दिसतं. पुढच्या जाळ्यात मुद्दाम बघा.

केशरी नर आसपासच्या सगळ्यांत मोठ्या निळ्या नरापेक्षा थोडा मोठा होईपर्यंत वाढत राहतो आणि मग निळा होऊन थांबतो. पुढचा केशरी त्याच्याही वर जाऊन थांबतो. निळे नर आजूबाजूला असले की बारक्यांची वाढ दबून राहते. ते खातात, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. निळे काढून टाकले की त्याच बारक्यांतले बरेच केशरी होतात आणि भराभर वजन घेतात. म्हणजे तुमच्या १२ ग्रॅमच्या नरात आणि १०० ग्रॅमच्या नरात वाढीचे गुण सारखेच असू शकतात. एकाला नर्सरीत दोन-चार दिवस आधी कात टाकायला मिळाली, तेवढ्यावरसुद्धा पुढची सगळी पायरी ठरते.

म्हणून नुसत्या वजनावर नर निवडले तर पुढच्या पिढीत फरक जवळजवळ दिसत नाही. माद्यांत ही दादागिरी बरीच कमी असते, त्यामुळे माद्यांच्या वजनावर केलेली निवड जास्त विश्वासाची.

पण माद्यांतही एक खाच आहे. मादीने अंडी धरायला सुरुवात केली की खाद्य अंड्यांकडे जातं आणि वाढ मंदावते. तळ्यात सगळ्यांत आधी अंडी धरणाऱ्या माद्या उचलल्या तर आपण नकळत ‘लवकर वयात येणं’ हा गुण निवडतो, आणि लवकर वयात येणारी कोळंबी लहानच राहते. याहून वाईट प्रकार म्हणजे मोठा माल आधी विकायचा आणि शेवटी तळाला उरलेल्या अंडीवाल्या माद्या हॅचरीला द्यायच्या. ही तर सरळ उलटी निवड झाली.

---

पिढी_हिशोब

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. आता आकड्यांत बघू.

पिढीमागे होणारी सुधारणा म्हणजे निवडलेल्यांची सरासरी वजा सगळ्यांची सरासरी, गुणिले अनुवंशिकतेचा अंश, म्हणजे वजनातल्या फरकाचा जेवढा भाग रक्तातून पुढे जातो तो. तुमच्या माद्यांची सरासरी ३५ ग्रॅम आणि निवडलेल्यांची ४७ धरा. फरक १२ ग्रॅम. अनुवंशिकता ०.२ धरली तर २.४ ग्रॅम. पण निम्मं रक्त नराचं आणि नराची निवड जवळपास कुचकामी, म्हणून हाती येणार १.२ ग्रॅम. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. हे वाईट नाही, पण ते टिकलं पाहिजे, आणि तिथेच तुमचे ५ नर नडतात.

पैदाशीतली खरी संख्या काढायचं सूत्र: ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. ५ नर आणि २० माद्या म्हणजे ४०० भागिले २५, म्हणजे १६. दर पिढीला वाढणारी रक्तातली जवळीक म्हणजे १ भागिले या संख्येची दुप्पट, म्हणजे १ भागिले ३२, सुमारे ३ टक्के. तेही पाचही नरांना सारखी संधी मिळाली तर. टाकीत दोनच दांडगे निळे नर सगळ्या माद्या राखून बसले तर खरी संख्या ७ वर येते आणि जवळीक पिढीला ७ टक्क्यांच्या घरात जाते. तीन-चार पिढ्यांत अळ्यांची मर वाढते, वाढ घटते आणि मिळवलेलं सगळं वाहून जातं. ५० नर आणि ५० माद्या ठेवल्या तर हीच जवळीक अर्ध्या टक्क्यावर येते.

यात आणखी एक मेख आहे. तळ्यातली मादी पहिल्या वर्षी एका विणीला साधारण ५ ते २० हजार अंडी देते. म्हणजे तुमचं ६,००० बीज दोन-चार माद्यांचंच असणं सहज शक्य आहे. तुम्ही वेगवेगळे समजून निवडलेले नर-मादी सख्खे भाऊ-बहीण निघतील. हॅचरीला विचारा की या खेपेला किती माद्यांच्या अळ्या होत्या. उत्तर देता आलं नाही, तर ते बीज पैदाशीला घेऊ नका.

आपल्या देशात स्कॅम्पीचं उत्पादन २००५ च्या सुमारास ४० हजार टनांच्या पुढे गेलं आणि नंतर पार कोसळलं. रोग हे कारण होतंच, पण त्याच त्या माद्यांतून पिढ्यान्‌पिढ्या काढलेलं खुरटं बीज हेही एक कारण मानलं जातं. म्हणून हा विषय हलक्यात घेऊ नये अशी कळकळ आहे.

---

निफाड_शेततळे

दोघांचेही आभार. मग शास्त्रशुद्ध निवड करतात तरी कशी? आणि आत्ता तळ्यात अडकलेल्या बारक्या नरांचं काय करू?

---

पिढी_हिशोब

निवड कुळावर, म्हणजे एका मादीच्या सगळ्या पिल्लांवर मिळून करतात, एकट्या जनावरावर नाही. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने ‘वर्ल्डफिश’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेबरोबर २००७ मध्ये हे काम हाती घेतलं. गुजरात, केरळ आणि ओडिशा अशा तीन ठिकाणचा कळप घेऊन त्यांचे आपसात सगळ्या बाजूंनी संकर केले आणि तिथून पुढे निवड चालू ठेवली. त्यातूनच ‘सिफा-जीआय स्कॅम्पी’ हे वाण आलं.

पद्धत थोडक्यात अशी. प्रत्येक मादीच्या अळ्या वेगळ्या टाकीत वाढवायच्या. सगळ्या माद्यांची अंडी शक्य तितक्या जवळच्या तारखांना फुटली पाहिजेत, नाहीतर वयातल्या फरकालाच आपण गुण समजून बसतो. बीज झालं की प्रत्येक कुळाची सारखीच संख्या, समजा ३००, वेगवेगळ्या हापांत, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत, सोडायची. काही ग्रॅमची पिल्लं झाली की शेपटीच्या पारदर्शक स्नायूत इलास्टोमर, म्हणजे रबरासारखा रंगीत पदार्थ, टोचतात. कात टाकली तरी ही खूण जात नाही, कारण ती कवचात नसून मांसात असते. मग सगळी कुळं एकाच तळ्यात मिसळायची. काढणीला प्रत्येक कुळातल्या नर-माद्यांची वेगवेगळी सरासरी काढायची, आणि ज्या कुळाची सरासरी वरची, त्यातल्या चांगल्या माद्या घ्यायच्या. नरही त्याच कुळातले घ्यायचे, तो निळा आहे की केशरी हे दुय्यम. एका कुळातून दोन-तीनच जनावरं घ्यायची आणि भावंडांची जोडी लावायची नाही.

शेजारी एक न निवडलेला कळपही चालू ठेवावा लागतो. एखाद्या वर्षी पाऊस लांबला, ऊब जास्त मिळाली, तर सगळ्यांचंच वजन वाढतं. तुलनेला कळप नसला तर आपली निवड फळाला आली की हवामानाने हात दिला, हे कळतच नाही.

एकट्या शेततळ्यावर हे होत नाही. चार-पाच तळेवाले एकत्र आले तर मधला मार्ग आहे. प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणाहून बीज आणायचं, माद्या आपल्याच तळ्यातल्या निवडायच्या आणि नर मात्र ठरलेल्या क्रमाने फिरवायचे: पहिल्याचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, शेवटच्याचे पहिल्याला. सुधारणा हळू होईल, पण रक्त खराब होणार नाही.

---

गोडंपाणी

बारक्या नरांबद्दल. आजच निळे नर आणि अंडीवाल्या मोठ्या माद्या काढून विका. निळा नर ठेवून फायदा शून्य, त्याचं वजन आता वाढणार नाही. केशरी नांगीच्या नराला हात लावू नका. एरवी हे काम ऑगस्टअखेरपासून दर दोन-तीन आठवड्यांनी करायचं असतं.

पुढच्या वर्षी नर्सरीतून सोडतानाच जाळीने किंवा दांड्यांच्या चाळणीने मोठी आणि बारकी पिल्लं वेगळी करा आणि दोन वेगळ्या तळ्यांत सोडा. मोठ्यांची दहशत गेली की बारक्यांचा गटही बऱ्यापैकी भरून काढतो. एकच तळं असेल तर फक्त वरचा गट सोडा.

कागदी तळ्यात आणखी एक लक्षात घ्या. कोळंबी तळाशी राहते, तिला पाण्याच्या खोलीचा फारसा उपयोग नाही. निसरड्या उतारावर ती टिकत नाही, म्हणून संख्या काढताना वरचा पाणपसारा न धरता सपाट तळाचं माप धरा. तुमचे चौरस मीटरला ३ प्रत्यक्षात ५ च्या पुढे गेलेले असू शकतात. शेडनेटच्या पट्ट्या दोरीवर उभ्या टांगा आणि पाइपचे तुकडे टाका. कात टाकलेली मऊ कोळंबी लपायला जागा नसेल तर खाल्लीच जाते.

नुसती वाढ हवी असेल तर सर्व-नर बीज हाही मार्ग आहे. स्कॅम्पीत नराची गुणसूत्रं झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू. कोवळ्या नरातली नरत्वाची ग्रंथी निकामी केली की तो मादी बनतो, आणि त्या मादीची साध्या नराशी जोडी लावली की सगळी पिल्लं नरच. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रंथी न कापता तिचं जनुक गप्प करून हे साधलं. पण सर्व-नर तळ्यात निळे वेळच्या वेळी काढले नाहीत, तर आकाराचा गोंधळ आणखी वाढतो.

---

बाग_आणि_तळं

नाशिकच्या बाजूने थोडं. पैदाशीचा कळप राखायचा म्हणजे हिवाळा काढायचा, आणि इथे खरी अडचण आहे. स्कॅम्पीला २६ ते ३१ अंश पाणी मानवतं. २० च्या खाली ती खाणं सोडत जाते आणि १४ च्या आसपास मरायला लागते. निफाडला डिसेंबर-जानेवारीत हवेचा पारा ५–६ अंशांवर येतो. उघड्या तळ्यात कळप राहणार नाही, टाक्या आत घ्याव्या लागतील. १,००० लिटर पाणी १८ वरून २८ अंशांवर न्यायलाच १२ युनिटच्या आसपास वीज लागते, शिवाय रोज ते टिकवायचं. त्यापेक्षा विक्रीचा माल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काढून मोकळं व्हा.

दुसरं, आपल्याकडे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली आहे. डावणी रोगासाठी मोरचूद, बोर्डो, किडीसाठी सायपरमेथ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिड, हे सगळं कोळंबीला विष आहे. मासा तगेल अशा मात्रेत कोळंबी मरते, कारण ती किड्यांच्याच जातकुळीची. वाऱ्याने तुषार येतील त्या बाजूची फवारणी वारा पडल्यावर करा, ब्लोअरची टाकी तळ्याच्या बांधावर धुऊ नका, पावसाचं बागेतलं पाणी तळ्यात उतरू देऊ नका. थोडा अंश गेला तर मर दिसतही नाही, फक्त कात नीट निघत नाही आणि वाढ खुंटते. मग आपण बीजाला दोष देतो.

विहिरीच्या पाण्याचा जडपणा तपासा. लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या वर गेला तर कवचावर कापसासारखा थर धरतो आणि वाढ मंदावते. तुम्ही वजनं मोजून जनावरं निवडणार असाल तर आधी हे सगळं सारखं असलं पाहिजे.

---

निफाड_शेततळे

समजलं. पैदाशीचा विचार या वर्षी सोडला, निळे नर उद्याच काढतो. सुधारित बीज आणायचं ठरलं तर उतरवून घेताना काय बघू?

---

गोडंपाणी

तीन गोष्टी. पहिली, माद्या आणि बीज यांची आरटी-पीसीआर चाचणी झाल्याचा कागद मागा. पांढऱ्या शेपटीच्या रोगाचा विषाणू मोठ्या कोळंबीत लक्षण दाखवत नाही, पण बीजात शेपटीचं मांस दुधाळ होतं आणि चार-पाच दिवसांत टाकी रिकामी होते. पिशवीतलं मूठभर बीज पांढऱ्या घमेल्यात घेऊन उन्हात बघा. शेपूट काचेसारखी आरपार दिसली पाहिजे, आणि घमेल्यातलं पाणी गोल फिरवलं की बीज प्रवाहाच्या उलटं पोहलं पाहिजे.

दुसरी, बीज पूर्ण गोड्या पाण्यावर आणलेलं हवं. अळ्या १२ पीपीटीच्या (हजार भागांत १२ भाग क्षार) आसपासच्या मचूळ पाण्यात वाढतात, घाईने गोड्यात आणलेलं बीज दोन दिवसांत तळाला बसतं.

तिसरी, पिशव्या तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवून मग तळ्यातलं पाणी थोडं थोडं आत घाला. पीएच दोन्हीकडे मोजा. शेवाळ धरलेल्या कागदी तळ्यात दुपारी तो ९ च्या वर जातो, म्हणून बीज सकाळी लवकर सोडा. आणि तळ्यातून ठिबकला पाणी उचलत असाल तर फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधा, नाहीतर बीज गाळणीत जाऊन अडकेल.