मदत हवी आहे: नाना मूस्कूरीची सुरुवातीची ग्रीक गाणी

नमस्कार मंडळी. आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यात ग्रीक गायिका नाना मूस्कूरीवर तासाभराचा कार्यक्रम आहे आणि तो माझ्या गळ्यात पडलाय.

ढोबळ माहिती जमवली आहे. जन्म १९३४ चा, क्रीट बेटावरच्या हानियाचा. वडील सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचे. अथेन्सच्या संगीतशाळेत शास्त्रीय शिक्षण चालू असताना ही रात्री जॅझ गाते हे कळल्यावर गुरुजन खवळले (घराणी काय, सगळीकडे सारखीच!). मग संगीतकार मानोस हाजिदाकिस यांनी तिच्याकडून गाणी गाऊन घेतली. १९६१ मध्ये एका जर्मन गाण्याने ती तिकडे घराघरांत पोहोचली. १९६३ ला युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत गायली, तीही लक्झेंबर्गकडून. पुढे १९९४ ते १९९९ युरोपीय संसदेत खासदार. काळ्या फ्रेमचा चष्मा मात्र कायम.

अडचण अशी की शोधायला गेलं की फ्रेंच, जर्मन, इंग्रजी गाणीच आधी पुढे येतात. मला हाजिदाकिसांच्या चालीची जुनी ग्रीक गाणी हवीत. चार-पाच कुठली निवडू? शब्दांचा भरवशाचा अर्थ कुठे मिळेल? जर्मनीतल्या मंडळींनी शेजारच्या आजीबाईंना विचारून सांगितलं तरी चालेल, त्या पिढीने तिला भरपूर ऐकलंय.