नागपूर उच्च न्यायालयाची इमारत लुटियन्सची की दुसऱ्या कोणाची?

प्रश्न (सदरकर):
सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाचा घुमट पाहिला की दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाची आठवण होते. ही इमारत नव्या दिल्लीचे ब्रिटिश वास्तुविशारद लुटियन्स यांनी बांधली, असे शहरात अनेकजण सांगतात. ते खरे आहे काय? आणि केवळ खंडपीठ असलेल्या शहरात एवढी भव्य वास्तू कशासाठी उभारली गेली?

उत्तर (जुनी वास्तू):
लुटियन्सची नव्हे, आराखडा हेन्री मेड यांचा. नव्या दिल्लीच्या उभारणीत त्यांनी लुटियन्स आणि बेकर यांच्या हाताखाली काम केले होते आणि राष्ट्रपती भवनाजवळचे कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन हेही त्यांचेच, त्यामुळे आपल्याला जाणवलेले साम्य खोटे नाही. ९ जानेवारी १९३७ रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी कोनशिला बसवली आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी उद्घाटन केले. खर्च ७,३७,७४६ रुपये.

उत्तर (मध्यप्रांत):
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ही इमारत खंडपीठासाठी बांधलेलीच नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी १९३६ साली नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले, सर गिल्बर्ट स्टोन त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले, आणि ही वास्तू त्या स्वतंत्र न्यायालयाची होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि या घुमटाखाली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. नागपूरचे राजधानीपण गेले, दगड राहिले. वैदर्भीय माणूस ही गोष्ट अजून विसरलेला नाही.

उत्तर (जुनी वास्तू):
दगडाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. मुख्य इमारत ४०० फूट लांब व २३० फूट रुंद, आणि घुमटाचे टोक जमिनीपासून १०९ फुटांवर आहे. भिंतींचा गाभा विटांचा असून बाहेरून घडीव वालुकाश्म बसवला आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची असताना मेड यांनी फिकट दगड निवडला, आणि माझ्या मते दिल्लीचा भास घुमटापेक्षा या रंगामुळेच अधिक होतो.

उत्तर (धंतोली वाचनालय):
जुनी छायाचित्रे शोधणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. ‘जुने उच्च न्यायालय’ म्हणून ओळखली जाणारी इमारत वेगळी आहे; ती व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानासमोर असून तेथे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे कार्यालय राहिले आहे. समाजमाध्यमांवर दोहोंची सर्रास सरमिसळ होते.