तिमोर-लेस्तेची (पूर्व तिमोरची) मराठी प्रवासपुस्तिका अकरा जणांत कशी वाटून घ्यावी?

खाडीकाठ (गुहागर)
दापोली ते वेंगुर्ला मिळून आम्ही अकरा जण. आंबा संपल्यापासून गणपतीपर्यंत हाताशी वेळ असतो, तेवढ्यात साठेक पानांची पुस्तिका उभी करायची आहे. आधी पीडीएफ, जमलं तर छापील. दोघं जण पुढच्या वर्षी जाणार, बाकीचे घरूनच लिहिणार. जिल्हावार वाटप केलं, तर राजधानी दिलीवर चार लेख आले आणि विकेके जिल्ह्याचं पान कोरंच. गटात विचारलं की सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, लिहीत कोणीच नाही. वाटप कसं करावं? गावांची नावं कशी लिहावीत? विकिव्हॉयेज या प्रवासमाहितीच्या मोफत संकेतस्थळावरचा मजकूर उतरवून घेतला तर चालतो का?

रापणकर (मालवण)
जिल्हावार वाटप मोडा. प्रवासी जिल्ह्याने फिरत नाही, रस्त्याने फिरतो. पाच वाटे पडतात:

१. दिली शहर, क्रिस्तो रेईच्या पुतळ्यापर्यंत.
२. पूर्वेचा किनारा: मानातुतो, बाउकाउ, लोस्पालोस, तुतुआला आणि समोरचं जाको बेट. विकेकेला वेगळं पान नकोच, बाउकाउहून दक्षिणेला उतरणाऱ्या रस्त्यात ते घाला.
३. डोंगरातला: आइलेउ, मौबिसी, हातु बुइलिको. रामेलाउ शिखर (२,९६३ मीटर) इथूनच चढतात. पुढे आइनारो आणि सामे.
४. पश्चिमेचा: लिकिसा, बालिबो, बातुगादेची सीमा.
५. अताउरो बेट आणि ओएकुसी. ओएकुसीला तीन बाजूंनी इंडोनेशिया आहे, चौथीकडे समुद्र. जमिनीवरून जायचं तर इंडोनेशियात शिरून पुन्हा बाहेर पडावं लागतं, म्हणून ते चौथ्या वाट्यात टाकू नका.

प्रत्येक वाट्याला दोघं. अकराव्याने एक ओळही लिहायची नाही, फक्त संपादन करायचं. हे पद कोणाला नको असतं आणि पुस्तिका तिथेच अडते.

अंतरं किलोमीटरात लिहून भागत नाही. दिलीहून मौबिसी सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, पण सगळा घाट. 'पहाटे किती वाजता निघावं, मिक्रोलेट (तिथली लहान प्रवासी गाडी) कुठून सुटते, शेवटची परतीची गाडी कधी' असं लिहा.

पावसाचं वेळापत्रक आपल्या उलट. दिलीत पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल. आपल्याकडे बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा तिथे कोरडं असतं. मात्र दक्षिण किनाऱ्यावर मे ते जुलैमध्ये पावसाची दुसरी फेरी येते. 'जूनमध्ये जावं' असं सरसकट लिहिलंत, तर त्या किनाऱ्यावरच्या सुआईकडे जाणारा तुमच्या नावाने शंख करेल.

अक्षरजुळणी (रत्नागिरी)
नावांचं आधी ठरवा, मग लिहायला बसा. नाही तर साठ पानांत एकाच गावाची चार रूपं येतात. नियम एकच ठेवा: उच्चार स्थानिक, इंग्रजी नाही. पोर्तुगीज वळणाच्या लेखनात 'क्यू-यू-ई' म्हणजे 'के', म्हणून विकेके, 'विक्वेक्वे' नाही. तेतुम या तिथल्या भाषेत 'एक्स' म्हणजे 'श'. सामे हे गाव रोमन लिपीत इंग्रजी 'सेम'सारखं दिसतं आणि भाषांतराचं यंत्र त्याचं बिनधास्त 'समान' करतं: 'समान येथे बस मिळते'. हे प्रत्येक पानावर हाताने शोधा.

राजधानीची गंमत वेगळी. 'दिली' हा उच्चार बरोबर, पण फाइलमध्ये शोधलं की 'माहिती दिली', 'भेट दिली' सगळं वर येतं. वर्तमानपत्री 'डिली' घ्या, नाही तर दर वेळी 'दिली शहर' लिहा. काहीही चालेल, फक्त एकच.

आता नकाशाचे बिंदू. दिली दक्षिण गोलार्धात आहे, अक्षांश उणे ८.५५, रेखांश १२५.५८. आपल्याला उणे चिन्हाची सवय नाही. ते सुटलं की बिंदू फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर, बुतुआन शहराच्या दक्षिणेला जाऊन पडतो, आणि तिथेही जमीनच असल्यामुळे नुसत्या नजरेला चूक कळत नाही. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल मात्र आपोआप सापडते, कारण १२५ अंश अक्षांश नसतोच. शीटमध्ये या दोन रकान्यांत आकडे इंग्रजीच टाका. देवनागरी आकडे नकाशाची बहुतेक ॲप्स वाचत नाहीत.

छपाईसाठी सगळं युनिकोडमध्येच ठेवा. एकाने जुन्या फॉन्टात टाइप केलं की जोडाक्षरांचा चुरा होतो. मध्ये पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. साठ बसतं, पण मुखपृष्ठ वेगळ्या कागदाचं असेल तर ती चार पानं त्यात धरू नका.

वेळणेश्वरी (दाभोळ)
विकिव्हॉयेजचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए परवान्याखाली असतो. भाषांतर करा, विकाही. पण मूळ पानाचा दुवा आणि श्रेय द्यायचं, आणि तुमचा मजकूरही त्याच परवान्याखाली ठेवायचा. हे अकराही जणांना आधी मान्य हवं, नंतर कोणी 'माझा लेख काढा' म्हणालं तर पंचाईत. फोटोंचा परवाना दर फोटोला वेगळा, एकेक तपासा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घ्या आणि श्रेय नकाशावरच छापा. गूगलच्या नकाशाचे स्क्रीनशॉट पुस्तिकेत नकोत.

प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने सक्तीचे: माहिती कुठली, कोणत्या महिन्याची, कोणी पडताळली. तिसरा रकाना लिहिणाऱ्याने भरायचा नाही. रिकामा असेल तर नोंद छापायची नाही.

व्हिसाचं पान एकाकडेच द्या. तयार इंग्रजी माहिती बहुतेक ऑस्ट्रेलियन किंवा युरोपीय पासपोर्ट धरून लिहिलेली असते, ती जशीच्या तशी उतरवाल तर आपला माणूस वाटेतच अडकेल. डार्विनमार्गे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, सिंगापूरला थांबून बाहेर पडायचं तर तिथला. बालीमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली की सामान घेऊन इंडोनेशियात उतरायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. विमानतळावरचा नियम बातुगादेच्या सीमेवर लागू असेल असं धरू नका, दोन्ही वेगळे लिहा.

खाडीकाठ
ताई, दादा, आभारी आहे. वाटे बदलतो. जाणाऱ्या दोघांनी तिथे नेमकं काय तपासावं?

रापणकर
देखावे नकोत, ते घरी बसून लिहिता येतात. अताउरोच्या बोटीचे वार आणि तिकीट कुठे मिळतं ते बघा. दिलीबाहेर एटीएम कुठे चालतं तेही. चलन अमेरिकन डॉलर, नाणी मात्र तिथली सेंतावो. फाटकी किंवा फार जुनी नोट दुकानदार परत करतात, म्हणून इथूनच कोऱ्या आणि लहान किमतीच्या नोटा न्यायला सांगा.

दुसरं, मगरी. खाऱ्या पाण्यातल्या, समुद्रातही येतात. तिथले लोक मगरीला आजोबा मानतात, त्यामुळे धोक्याची पाटी असेलच असं नाही. आपली पोरं किनारा दिसला की उडी मारतात. म्हणून प्रत्येक किनाऱ्याच्या नोंदीत 'पोहण्याआधी गावात विचारा' ही ओळ हवीच, एकदा प्रस्तावनेत लिहून भागणार नाही. जाको बेट पवित्र मानतात, तिथे मुक्काम नाही; कोळ्यांच्या होडीने जाऊन त्याच दिवशी परत.

वेळणेश्वरी
शाकाहारी लोकांसाठी बातार दाआन शोधायला सांगा: मका, मूग आणि भोपळा. मागताना मांस किंवा मासळी घातली आहे का, ते विचारायचं.

शब्दांची यादी लांबवू नका, वीस पुरेत. पोर्तुगीजांमुळे काही आपल्याला आयतेच येतात: पावाला 'पाउन', साबणाला 'साबाउन'. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु', बाईने 'ओब्रिगादा'. यादी बाईने लिहिली असेल तर पुरुषाचं रूप राहून जातं, आणि उलटही, तेवढं संपादकाने बघावं.