पुन्हा मेटल डिटेक्टिंग सुरू करतोय, कमी खर्चात कोणता डिटेक्टर घ्यावा?

प्रश्न: बऱ्याच वर्षांनी मेटल डिटेक्टर घेतोय. शेतात आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरणार. सिंगल फ्रिक्वेन्सीवर (एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या मशीनवर) भागेल का?

उत्तर: शेतात आरामात. ओल्या खाऱ्या वाळूत मात्र नाही. खारं पाणी वीजवाहक असल्याने असं मशीन कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची चकती) फिरवताना सारखं खोटं वाजतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की गप्प होतं, पण खोलीही घटते. मिनलॅब व्हॅन्क्विश ३४० मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, तिथे तेच घ्या. त्याची फक्त कॉइल वॉटरप्रूफ आहे. कंट्रोल बॉक्स लाटांपासून जपा.

उत्तर: शेतातच जास्त फिरणार असाल तर नोक्ता सिम्प्लेक्स प्लस बघा. १२ किलोहर्ट्झ, ३ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांमुळे येणारा गोंगाट घालवायची सेटिंग) हाताने करता येतो. जुनं घेत असाल तर मशीन चालू ठेवून कॉइलची केबल दोन्ही टोकांपाशी हलवा. मध्येच किंचाळलं, तर आतली तार तुटत आलीय. सोडून द्या.

प्रश्नकर्ता: डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळणं) किती ठेवू?

उत्तर: फक्त लोखंड गाळा. फॉइल आणि सोन्याची बारीक अंगठी स्क्रीनवर जवळपास त्याच आकड्यावर येतात. फॉइल गाळलीत की अंगठीही गेली. आणि पिनपॉइंटरसाठी (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) पैसे राखून ठेवाच, नाहीतर नाण्यावर फावडं बसतं.