मदत हवी आहे: कौटुंबिक ट्रस्ट नेमकं बघतात तरी काय? तिसरा नकार आला

करवंद | सकाळी ११.०५
आज तिसरा नकार आला. तीच दोन ओळींची मेल, "आपले कार्य स्तुत्य आहे, परंतु सध्या आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही." आधीच्या दोघांपैकी एकांनी तेवढंही कळवलं नाही. फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये.

आमची संस्था लहान आहे, आमच्या सरांनी सुरू केलेली. जिल्हा परिषदेच्या शाळांत गाडी घेऊन जातो. गाडीतच प्रयोगशाळा आहे, मुलांच्या हातून प्रयोग करून घेतो. दुसरी गाडी हवी आहे म्हणून मुंबई-पुण्याच्या तीन ट्रस्टकडे अर्ज केले. २२ पानी प्रस्ताव, फोटो, मुख्याध्यापकांची पत्रं, सगळं जोडलं. त्यातल्याच एका ट्रस्टने गेल्या महिन्यात शहरातल्या एका भल्यामोठ्या संस्थेला चेक दिल्याचा फोटो टाकलाय. मला विचाराल तर त्यांना गरजही नव्हती.

प्रश्न एवढाच, की हे लोक ठरवतात कसं? काही निकष असतात की सगळं ओळखीवर? दिवाळीनंतर शाळा सुरू होताना गाडी रस्त्यावर हवी. "चिकाटी सोडू नका" असं कृपया कोणी लिहू नका. ती आहे.

पेन्शनर नाना | ११.२०
चिकाटी सोडू नका. 😀 गंमत केली.
ट्रस्टच्या दारात उभं राहूच नका, असं माझं स्पष्ट मत. पुण्यात पितृपंधरवड्यात स्वयंसेवी संस्थांचं 'देणे समाजाचे' प्रदर्शन भरतं, तिथे स्टॉल मिळवा. संस्थांसाठी देणग्यांचं आवाहन करणारा 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम गणपतीत येतो, त्यांना कळवा. सामान्य माणूस देतो हो, भरभरून देतो. शंभर माणसांनी पाच-पाच हजार दिले की झाली तुमची गाडी.

शंका_कुशंका | ११.३१
नाना, शंभर गुणिले पाच हजार म्हणजे पाच लाख. त्यात गाडीची चाकं येतील.
करवंद, संस्था कुठली? किती जुनी? रक्कम किती मागितली? वर्षाचा खर्च किती? १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे का?

करवंद | ११.४४
रत्नागिरी जिल्हा. नऊ वर्षं झाली. कागद सगळे आहेत, त्याशिवाय अर्ज केला असता का? रक्कम प्रस्तावात दिली आहे.

शंका_कुशंका | ११.४६
प्रस्ताव तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही.

अर्धवट | दुपारी १२.१०
सोप्पंय. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा. प्रत्येक कंपनीला २ टक्के द्यावेच लागतात, कायदा आहे. कंपन्यांना मेल टाकत सुटा.

ताळेबंद | १२.३८
प्रत्येक कंपनीला नाही. निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेट वर्थ ५०० कोटी, यातलं काही एक ओलांडलं तरच. शिवाय संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. आणि मुख्य म्हणजे धागा त्यावर नाहीच. कंपनीचा सीएसआर आणि मालकांच्या घराण्याचा ट्रस्ट यांचं नाव एक असेल, इमारत एक असेल, खिसे वेगळे असतात. नफ्यातले २ टक्के कंपनीचं संचालक मंडळ खर्च करतं. ट्रस्टचा पैसा घराण्याने एकदा बाजूला काढलेला असतो, तो विश्वस्त वाटतात. करवंद, तुम्ही अर्ज नक्की कुठल्या खिशात टाकलेत?

करवंद | १२.५५
एकाच्या वेबसाइटवर 'सीएसआर' लिहिलेल्या पत्त्यावर मेल केली होती. दुसरा पत्ताच नव्हता.

ताळेबंद | १२.५७
म्हणजे तीनपैकी एक नकार चुकीच्या घरातून आला.

माईची लेक | २.१५
मी सहा वर्षं मुंबईत एका कुटुंबाच्या फाउंडेशनमध्ये होते. आता नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

ऑफिस म्हणजे मी, एक अकाउंटंट आणि शिपाईमामा. विश्वस्त पाच: दोन भाऊ, त्यांची बहीण, थोरल्यांची सून आणि घरचे सीए. बैठक वर्षातून तीनदा, कुणाच्या तरी घरी, जेवणाआधी. दहा-बारा प्रस्ताव तासाभरात उरकायचे, आणि शेवटचे दोन-तीन तर ताटं मांडल्याच्या आवाजात. तुमची २२ पानं तिथे कोणी वाचत नाही, ती माझ्यासारखी वाचते आणि त्याचं एक पान करते. विश्वस्त ते पान बघतात.

चाळण्या कशा लागायच्या ते सांगते. पहिली ट्रस्ट डीडची, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्ताची. आजोबांनी डीडमध्ये 'शिक्षण व वैद्यकीय मदत' लिहून ठेवलं असेल, तर पाणलोटाचं काम कितीही उत्तम असलं तरी मी ते वर नेऊ शकत नव्हते. दुसरी घराची, आणि ही कुठल्याही वेबसाइटवर लिहिलेली नसते. आजोबा ज्या तालुक्यातून धोतर-कोटावर मुंबईला आले तो तालुका. धाकट्या काकू ज्या आजारात गेल्या तो आजार. आमच्याकडे सातारा जिल्ह्याच्या अर्जाला एक आणि बाकीच्या महाराष्ट्राला वेगळी नजर होती, हे मी सहा वर्षांत कुणाला तोंडाने सांगितलं नाही. बाकीच्यांना मी 'प्राधान्यक्रम' हाच शब्द लिहायचे. तुम्हालाही तोच आलाय.

तिसरी चाळणी सीएंची. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. ते आधी बघायचे की संस्थेने विश्वस्तांकडून उसने घेतलेत का, आणि एकाच देणगीदारावर सगळा डोलारा आहे का. तो देणगीदार हटला की संस्था आमच्या गळ्यात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ओळखीने प्रस्ताव गठ्ठ्यात वर येतो, एवढं खरं. पण त्याहून जास्त चालतो तो उलटा फोन. आम्ही ज्यांना आधीपासून पैसे देतोय त्या जिल्ह्यातल्या संस्थेला विचारायचं, "यांना ओळखता का हो?" पलीकडून दोन सेकंद शांतता आली तरी फाइल बाजूला.

आणि मोठ्या संस्थेला का देतात? मोठ्या संस्थेला देऊन पैसे बुडाले तर जेवणाच्या टेबलावर कोणी बोलत नाही. छोट्या संस्थेत बुडाले, तर जिने सुचवली तिला पुढची दोन वर्षं ऐकावं लागतं. मी ऐकलंय.

राहिली गाडी. गाडी द्यायला सगळ्यांना आवडतं, दारावर आईचं नाव येतं. पण आमच्या थोरल्या साहेबांचा एकच प्रश्न असायचा: ड्रायव्हरचा पगार कोण देणार? त्यांनी कधीकाळी दिलेली एक रुग्णवाहिका एका दवाखान्याच्या मागे उभी होती. मी भेटीला गेले तेव्हा बॉनेटवर कोंबड्या बसल्या होत्या आणि आईंचं नाव मात्र चकचकीत होतं.

पेन्शनर नाना | २.४०
हेच म्हणतो मी! सातारचे म्हणून घ्या आणि रत्नागिरीचे म्हणून नाही. ही काय पद्धत झाली?

माईची लेक | २.५२
पैसा त्यांचा आहे नाना. तुम्हीही देणगी देताना आधी आपल्या शाळेला देता ना?

पेन्शनर नाना | २.५८
शाळेला देतो. पण मी त्यावर करसवलत घेतो का? (घ्यायचो. आता नव्या करप्रणालीत ८०जी मिळतच नाही. तरुणांनी लक्षात ठेवावे. आणि २००० च्या वर रोख दिलेत तर जुन्या प्रणालीतही नाही.)

शंका_कुशंका | ३.०४
हे कोणी विचारलं होतं?

न्यूजर्सीकर | ३.३०
इकडची पद्धत सांगतो. अमेरिकेत प्रायव्हेट फाउंडेशन ही कायद्यातलीच वेगळी जात आहे. १९६९ च्या कर कायद्यापासून त्यांना दरवर्षी वाटप सक्तीचं आहे, आज ते प्रमाण मालमत्तेच्या साधारण ५ टक्के. आणि त्यांचा ९९०-पीएफ हा कर फॉर्म कोणालाही बघता येतो. कुणाला किती दिले, नावानिशी. त्यामुळे अर्ज करण्याआधी माणूस मागच्या वर्षांच्या याद्या काढतो. संकेतस्थळावर 'ग्रामीण शिक्षण' लिहिलंय आणि यादीत निम्मी रक्कम घराण्यातल्या मुलांच्या स्वतःच्या कॉलेजला गेलीय, असं बिनदिक्कत दिसतं. अर्थात बरेच जण सरळ लिहितात, न बोलावता आलेले अर्ज घेत नाही. करवंद, तुम्ही इकडे का नाही प्रयत्न करत?

ताळेबंद | ३.४१
एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असेल तरच. नसेल तर परदेशी पैसा विसरा. आणि "दुसऱ्या एफसीआरए संस्थेमार्फत घेऊ" हा रस्ताही २०२० च्या दुरुस्तीने बंद झालाय.

बोरूबहाद्दर | ४.१०
मुळात 'कौटुंबिक ट्रस्ट' ही संज्ञाच चुकीची वापरली जातेय. आपल्याकडे प्रायव्हेट ट्रस्ट म्हणजे १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्टखालचा, घरच्याच लाभार्थ्यांसाठी असलेला. तुम्ही ज्यांना कौटुंबिक फाउंडेशन म्हणताय ते कायद्याने सार्वजनिक न्यास किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी असतात. टाटांचंच बघा.

अर्धवट | ४.१५
हां, टाटांकडे जा! रतन टाटांनी १९१९ मध्येच ट्रस्ट काढला होता.

बोरूबहाद्दर | ४.२२
ते सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. ते १९१८ मध्ये वारले, त्यांच्या इच्छेनुसार १९१९ चा ट्रस्ट झाला. परवा २०२४ मध्ये गेले ते रतन टाटा वेगळे. थोरल्या दोराबजींचा ट्रस्ट १९३२ चा. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर आज या ट्रस्टांकडे आहेत, म्हणजे कंपनीच्या लाभांशावर दानधर्म चालतो. त्याला 'कौटुंबिक' म्हणावं का, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

शंका_कुशंका | ४.२५
मग स्वतंत्र धागा काढा की. करवंद, रक्कम???

करवंद | ५.५०
शाळेत होते, रेंज नव्हती. आज कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड होती, ४१ मुलं आणि दोन मायक्रोस्कोप. रांग व्हरांड्याबाहेर गेली होती.
मागितले १९ लाख. जुनी टेंपो ट्रॅव्हलर, आतलं फिटिंग आणि साहित्य. आमचा वर्षाचा खर्च ८ लाख ४० हजारांच्या आसपास.

ताळेबंद | ६.०२
वर्षाच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त, तेही पहिल्याच अर्जात, अनोळखी ट्रस्टकडे. माझ्या हातात फाइल आली असती तर मीही बाजूला ठेवली असती.
अजून एक गोष्ट, तिचा तुमच्याशी संबंध नाही पण परिणाम आहे. २०२३-२४ पासून एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला १०० रुपये दिले, तर देणाऱ्याच्या हिशोबात ८५ च खर्ची पडतात. त्यांना उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च दाखवायचाच असतो. त्यामुळे काही घराणी म्हणायला लागलीत की दुसऱ्यांना देण्यापेक्षा आपणच प्रकल्प चालवू. माझे दोन क्लायंट तसे वळलेत.

शंका_कुशंका | ६.१०
करवंद, पहिल्या पोस्टमध्ये 'आमच्या सरांनी सुरू केलेली' लिहिलंय. सर अजून विश्वस्त आहेत?

करवंद | ६.२४
सर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या जागी मी अध्यक्ष आहे. रीतसर सभा घेऊन ठराव केलाय, बँकेत सह्या बदलल्यात. प्रस्तावावर माझीच सही आहे.

ताळेबंद | ६.२६
चेंज रिपोर्ट?

करवंद | ६.२९
म्हणजे? ठराव झाला म्हटलं ना.

ताळेबंद | ६.४५
ताई, इथेच आहे घोळ. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत कलम २२ खाली फेरफाराचा अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल १ च्या, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. तुम्ही प्रस्तावाला शेड्यूल १ जोडलं असेल. त्यावर अध्यक्ष म्हणून सर, आणि खाली सही तुमची. समोरच्या सीएने काय समजायचं? तुम्ही नक्की संस्थेच्या कोण, हेच कागदावर सिद्ध होत नाही.

माईची लेक | ६.५२
आमच्याकडे एवढ्यावर फाइल थांबायची. आणि कळवायचोही नाही, कारण कारण लिहिलं की वाद सुरू होतो.

करवंद | ७.३०
काढून बघितलं. सरांचंच नाव आहे. क्रमांक एकवर. त्या पानावर त्यांचा जुना पत्ता, चाळीतला.
मला खरंच वाटलं होतं की ठराव म्हणजे झालं. ९० दिवस तर केव्हाच गेले. आता?

ताळेबंद | ७.४१
विलंब माफीचा अर्ज जोडून द्या. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठराव, तुमचं संमतीपत्र. वकील असेल तर बरं. वेळ लागेल, दिवाळी विसरा. पण अर्ज दाखल केल्याची पोच प्रस्तावाला जोडता येते. नाव न जुळण्यापेक्षा ती बरी.

माईची लेक | ८.०५
आणि तोवर १९ लाख मागू नका. आहे त्या गाडीच्या एका वर्षासाठी अडीच-तीन लाख मागा, ड्रायव्हर, डिझेल आणि आणखी चार मायक्रोस्कोप. एक पान. त्यात ती ४१ मुलं आणि दोन मायक्रोस्कोपची रांग पहिल्या ओळीत. मुख्याध्यापकांची पत्रं नकोत, सगळ्या पत्रांची भाषा एकच असते. पाठवण्याआधी त्या ट्रस्टकडून पैसे घेतलेल्या जवळच्या एखाद्या संस्थेला फोन करा, म्हणजे उलटा फोन येईल तेव्हा शांतता पसरणार नाही. पहिल्या वर्षी छोटी रक्कम देऊन हिशोब वेळेवर येतो का, हे सगळेच बघतात. गाडी तिसऱ्या वर्षी.

पेन्शनर नाना | ८.२०
तिसऱ्या वर्षी! तोवर ती मुलं दहावी होतील. म्हणून म्हणतो, लोकांकडे जा. एक ट्रस्ट नाही म्हणाला की सगळंच थांबतं, शंभर माणसं एकदम नाही म्हणत नाहीत.

माईची लेक | ८.३१
नाना, हे मात्र पटलं. पण शंभर माणसांचे शंभर पॅन गोळा करून ३१ मेच्या आत १०बीडी (आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरणपत्र) भरायला करवंदकडे माणूस कुठाय?

पेन्शनर नाना | ८.३८
ते मी भरीन. बँकेत ३४ वर्षं काढलीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

करवंद | ९.१५
सगळ्यांचे आभार, सकाळी चिडून लिहिलं होतं. सोमवारी रत्नागिरीला धर्मादाय कार्यालयात जातेय. नाना, व्यनि मिळाला.

अर्धवट | ९.४०
माझ्याकडे कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप पडून आहे. चालेल का?

करवंद | ९.४३
पळेल! फक्त लेन्स उजेडात धरून बघा, आत कोळिष्टकासारखं काही दिसतंय का? आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते, आम्ही रात्री पेटीत बल्ब लावून ठेवतो.

अर्धवट | १०.०२
दिसतंय.

करवंद | १०.०४
कुठल्या लेन्सला? ४० पटीची गेली असेल तरी चालेल, १० पटीची हवी. कांद्याला १० पुरते.