पहिल्या वर्षाचे मार्क वाईट, तरी नर्स अ‍ॅनेस्थेशियाला अ‍ॅडमिशन मिळेल का?

पेडण्याची नर्स:
नमस्कार सगळ्यांना. मी पेडणे तालुक्यातली, बीएस्सी नर्सिंग गोव्यातच केलं, आता चार वर्षं झाली आयसीयूत आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, हायस्कूल बरं गेलं, पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षी सगळं एकदम अंगावर आलं, त्यात त्याच वर्षी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक, दर शनिवारी घरी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत, अभ्यास कुठला व्हायला. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीत सप्लि (फेरपरीक्षा) लागली, बायोकेमिस्ट्रीत काठावर पास. दुसऱ्या वर्षापासून सुधारलं, शेवटच्या वर्षाला ७१ टक्के.

इंट्यूबेशनला (श्वासनलिकेत नळी घालायला) अ‍ॅनेस्थेशियाचे डॉक्टर येतात तेव्हा मी मुद्दाम पेशंटच्या डोक्याशी उभी राहते, औषधं भरून देते, हेच औषध का, डोस एवढाच का ते नंतर विचारून घेते. अमेरिकेत नर्स पुढे शिकून स्वतः अ‍ॅनेस्थेशिया देते, सीआरएनए म्हणतात, हे कळल्यापासून दुसरं काही सुचत नाही. पण जीपीए (तिथली ४ पैकी काढलेली मार्कांची सरासरी) निदान ३ लागतो असं जिथे तिथे वाचते. पहिल्या वर्षामुळे माझं सगळं संपलंच का? खरं काय ते सांगा, माझं मन राखायला म्हणून काही लिहू नका.

फोंडेकर:
मी सध्या अमेरिकेत याच कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळचा फोंड्याचा. तुम्ही खरं विचारलंय म्हणून आधी वाईट बातमी, आणि ती मार्कांची नाहीच. तुमची इथली आयसीयूची चार वर्षं तिथे धरत नाहीत. तिथल्या कोर्सना मान्यता देणाऱ्या कौन्सिलचा नियम असा की क्रिटिकल केअरमध्ये कमीत कमी एक वर्ष फुल टाइम काम हवं आणि ते अमेरिकेत, तिच्या ताब्यातल्या प्रदेशात किंवा बाहेरच्या अमेरिकन मिलिटरी हॉस्पिटलात केलेलं हवं. म्हणजे आधी एनक्लेक्स (तिथल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा, सेंटर मुंबईत आहे), इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी लागणारं कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट), मग तिकडची नोकरी, तीही आयसीयूतलीच बघा कारण ओटी नाहीतर कॅज्युअल्टीचा अनुभव बऱ्याच शाळा धरत नाहीत. भारतातल्या नर्सेसना ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षंच्या वर्षं जातात, त्यामुळे हे दोन वर्षांत होईल असं कोणी एजंट सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

आता मार्क. तिथे १०० पैकी ५५ म्हणजे साधारण नापास, पण आपले मार्क तसे सरळ लावत नाहीत, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन करून ग्रेड काढतात आणि आपले साठ-सत्तर टक्के तिथे पुष्कळ चांगले बसतात. तेव्हा रिपोर्ट हातात येण्याआधी स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन रडत बसू नका, मी सहा महिने तेच केलं.

तरीही सायन्सचा जीपीए वेगळा बघतात आणि तुमची अडचण नेमकी तिथे आहे. काही शाळा शेवटच्या ६० क्रेडिटचा (साधारण शेवटच्या दोन वर्षांचा) जीपीए बघतात, तशा शोधा, तुमच्यासाठी त्याच चांगल्या. बाकी ठिकाणी नवीन मार्क दाखवावे लागतात. मी नोकरी करता करता कम्युनिटी कॉलेजात बायोकेमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स केलं, तिन्हीत ए. जुना मार्क त्याने पुसला जात नाही, बऱ्याच ठिकाणी दोन्ही धरून सरासरी काढतात, पण कमिटीला दिसतं की हा माणूस आता अभ्यास करू शकतो. त्याच्यासोबत सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सचं सर्टिफिकेट), त्याला आधीच्या दोन वर्षांत १,७५० तास क्रिटिकल पेशंटची ड्युटी लागते. आणि एखाद्या सीआरएनएबरोबर दिवसभर ओटीत उभं राहून काम बघा, पुष्कळ शाळा हे मागतात.

इंटरव्ह्यूत मला पहिल्या वर्षाबद्दल एकच प्रश्न आला. बाकी सगळा वेळ नॉरएपिनेफ्रिन आणि फेनिलेफ्रिन या बीपी वाढवायच्या औषधांत फरक काय, एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचून दाखव, सेप्टिक शॉकमधला तुझा पेशंट सांग. तुम्ही इंट्यूबेशनला उभं राहून जे विचारता ना, ते चालूच ठेवा.

म्हापशाची सिस्टर:
अगे बाय, मी २६ वर्षं वॉर्डात काढली म्हणून सांगते. वर दादाने लिहिलंय ते बरोबर, पण पैशांचं राहिलं. २०२२ पासून हा कोर्स डॉक्टरेटचा झालाय, कमीत कमी तीन वर्षं, आणि त्यात नोकरी करायला वेळच नसतो. तिथल्या सरकारी कर्जाला ग्रीनकार्ड तरी लागतं. बाबांच्या औषधपाण्याचं तीन वर्षं कोण बघणार ते भावंडांशी आत्ताच बोलून ठेव, मागून सगळ्यांचीच ओढाताण होते.

आणि इथेच राहायचं झालं तर आपल्याकडे अ‍ॅनेस्थेशिया डॉक्टरच देतात, नर्सला ती वाट नाही. पण इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा कोर्स आहे, तुला व्हेंटिलेटर आवडतो तर तोही बघ. आणि मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबसची तासांसकट कॉपी आत्ताच काढून घे. लग्न होऊन नाव बदललं की नुसते हेलपाटे.

पेडण्याची नर्स:
दोघांचेही मनापासून आभार. अनुभव धरत नाहीत हे वाचून रात्री जेवण गेलं नाही, पण आत्ता कळलं ते बरंच झालं. दोन गोष्टी विचारते. बायोकेमिस्ट्री आत्ताच ऑनलाइन करून टाकू का? आणि अर्जात बाबांचं लिहायचं की नाही, सहानुभूती मागितल्यासारखं होतं.

फोंडेकर:
बायोकेमिस्ट्री आत्ता नको. काही शाळांना सायन्सचे विषय गेल्या पाच नाहीतर दहा वर्षांतलेच लागतात, तुमची रांगच तेवढी लांब असू शकते, पैसे फुकट जातील. शिवाय ऑनलाइन लॅब सगळीकडे चालत नाही. ते तिथे आल्यावर. आत्ता एनक्लेक्स.

बाबांचं लिहा, दोन वाक्यांत. त्या वर्षी वडील आजारी पडले, सप्लि लागली, पुढच्या परीक्षेत सोडवली. एवढंच. उरलेलं पान तुमच्या पेशंटबद्दल लिहा.

पेडण्याची नर्स:
ठीक आहे. सोमवारी नाइट ऑफ आहे, ट्रान्सक्रिप्टचा अर्ज घेऊन युनिव्हर्सिटीत जाते. सिस्टर, सिलॅबसची कॉपी कॉलेजातून घ्यायची की तिथूनच मिळते?

म्हापशाची सिस्टर:
आधी कॉलेजात विचार, प्रिन्सिपलचा सही-शिक्का प्रत्येक पानावर घे. फोटो आयडी आणि सगळ्या वर्षांच्या मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन जा, सप्लिची पण.